अकोल्यातून काढलेली न्यूझीलंडची हवा

"ब्लीडिंग! अवं माय वं, पोरीले ब्लीडिंग होऊन राह्यलं!"

साळ्याच्या घरच्या मधल्या खोलीतून माझ्या बायकोने ही आरोळी ठोकली. मी म्हणतो, ती मोर्णा नदी ओलांडून पार पलीकडच्या अकोल्यात ऐकू गेली. साळा म्हणतो, नाही, पुलापर्यंतच गेली. मी त्या वेळी त्या खोलीच्या दाराशी स्टुलावर चढून बंद कूलरच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला होता आणि मोटरीत अडकलेलं गवत ओढत होतो. आरोळी कानावर पडली तसं स्टूल एकीकडे गेलं, मी दुसरीकडे, आणि ओलं गवत मुठीत धरून मी मधल्या खोलीत हजर झालो. चालत गेलो, पडत गेलो की उडत गेलो, ते मला आजही सांगता येत नाही.

बायको डिंकाच्या लाडवांच्या परातीपुढे बसलेली. हात तुपाने माखलेले, मोबाइल मांडीवर उताणा, तोंडाचा रंग उडालेला. आमची एकुलती एक पोरगी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि राहत होती न्यूझीलंडच्या अगदी खालच्या टोकाला. तिथून पुढे म्हणे फक्त बर्फ आणि पेंग्विन. बायको तिच्या बाळंतपणाला जाणार, म्हणून हे लाडू. ते अमरावतीला आमच्या घरीही वळता आले असते, पण बायकोच्या मते खरा डिंक अख्ख्या वऱ्हाडात एकाच दुकानात मिळतो आणि ते दुकान तिच्या माहेरच्या गल्लीत, अकोल्याच्या जुन्या शहरात आहे. म्हणून मे महिना संपता संपता आम्ही अकोल्यात येऊन शिजत होतो. शिजत होतो हे उगीच म्हणत नाही. अकोल्यात उन्हाळ्यात गरम पाण्याचा आणि थंड पाण्याचा असे दोन नळ लागत नाहीत. नळ एकच, तो सकाळी गरम असतो आणि दुपारी उकळता.

"नेमकं काय म्हणाली थे?" मी विचारलं.

"ब्लीड करावं लागंल म्हणे! मंग काळं पाणी जाते म्हणे खालून!"

सातव्या महिन्यातल्या पोरीच्या तोंडून आईने रक्त आणि पाणी हे दोन शब्द एका दमात ऐकले, की तिसरा शब्द ऐकायला ती शुद्धीवर राहत नाही. मी आयुष्यभर मोर्शीला पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान चालवलं. संत्र्याच्या बागांमध्ये फुटलेल्या लाइनी रात्रंदिवस जोडल्या. पण समुद्रापार काही फुटलं तर ते कशाने जोडायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात मांडीवरचा मोबाइलच ओरडला. "आई! आई, मले नाही वं! रेडिएटरले! रेडिएटरले ब्लीड करावं लागते!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. आणि आमच्या दोघांच्या मधून साळ्याने मुंडी घातली.

"रेडिएटर?" तो म्हणाला. "बाप्पा! घरात टॅक्टर ठेवला का जवाईने?"

साळ्याचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरच्या सीटवर गेलेलं. त्याच्या लेखी रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पेटी. तिचं झाकण तापल्यावर कोणी उघडलं, की उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो. तो मोबाइलवर वाकून ओरडायला लागला, "पोरी, झाकण खोलू नको! मामा सांगते, हात लावू नको! माह्या डोयासमोर एकाचं थोबाड भाजलं!"

बायको पुन्हा पांढरी पडली. एक भीती नीट निघून जायच्या आधीच दुसरी येऊन तिच्या जागी बसली होती.

मग पोरीने व्हिडिओ चालू केला आणि आम्हाला तिचं घर दाखवलं. घर लाकडाचं, दोन मजली, आगपेटीसारखं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पांढरी पेटी टांगलेली, तो बॉयलर. तो गॅसवर पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतो. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी पाट टांगलेला असतो, तोच रेडिएटर. गरम पाणी त्याच्या पोटातून फिरतं, खोली ऊबदार होते आणि पाणी थंड होऊन परत बॉयलरकडे जातं. म्हणजे आमच्याकडे जी वस्तू इंजिन थंड करते, तीच तिकडे माणसं गरम करते. साळ्याला हे काही केल्या पटेना. "उलट्या मुलखात सगळं उलटंच," तो म्हणाला.

तर वरच्या मजल्यावरचे सगळे रेडिएटर थंडगार पडले होते. खालचा एक तेवढा कोमट. बाहेर दोन दिवस बर्फ पडत होता. जवाई वर डोंगरात धरणाच्या वीजघरावर कामाला गेलेला, रस्ता बंद झाल्याने तिथेच अडकलेला आणि त्याचा फोन लागत नव्हता. घरातला एकुलता एक विजेचा हीटर तो सोबत घेऊन गेलेला. शेजारचे म्हातारा-म्हातारी हिवाळाभर लेकाकडे गेलेले. मिस्त्री म्हणाला, रस्ता उघडला की येतो. आणि तिकडे संध्याकाळ होऊन अंधार पडला होता.

पोरगी तीन स्वेटर घालून, वरून आईने दिलेली गोधडी लपेटून बसली होती. बोलताना तिच्या तोंडासमोर धुकं येत होतं.

"गॅसवर काय ठेवलं वं?" बायकोने विचारलं. "वाफ काहाची दिसून राह्यली?"

"काही नाही ठेवलं आई. मी बोलून राह्यली."

बायकोच्या हातातला लाडू परातीत पडला आणि फुटला. इकडे आमच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन टपकत होता आणि तिकडे आमच्या पोरीचा श्वास डोळ्यांना दिसत होता. मी पुष्कळ भ्यालेला माणूस आहे. मेळघाटात वाघाने माझी वाट अडवली होती, हे मी लोकांना सांगतो, आणि तो वाघ दर वेळी हातभर मोठा होतो. पण त्या वाफेएवढी भीती मला कशाची वाटली नाही, आणि ती वाफ मी तसूभरही वाढवून सांगत नाही.

"बाबा, वरच्यात हवा अडकली असं वाटते," पोरगी म्हणाली. "बाजूला एक बारका खिळा आहे. किल्लीनं थोडा फिरवला का हवा निघते. त्यालेच ब्लीड म्हणते. फिरवू का?"

हवा! हा शब्द कानात गेला आणि माझ्या छातीत दम आला. हवा म्हणजे माझं माहेर. लाइनीने हवा धरली की शेवटच्या झाडापर्यंत पाणी जात नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मोर्शी ते वरूड पट्ट्यातल्या सगळ्या लाइनींची हवा मीच काढली आहे. उरलेल्या असतील, तर त्यांच्यात हवा नव्हतीच.

"फिरव," मी खुर्ची ओढून बसलो. "घाबरू नको. बाप बसला आहे इथं."

ती एकेक पायरी धरून वर गेली. मोबाइल खिडकीत टेकवला, खालून ताट लावलं, किल्ली फिरवली. आधी काहीच झालं नाही. मग सापाने फूत्कार टाकावा तसा आवाज आला आणि आम्ही अकोल्यात तिघेही एक पाऊल मागे सरकलो. साळा तर कूलरच्या आडोशाला गेला.

त्याच वेळी दारात शेजारचे चाचा उभे राहिले. चाचा जुन्या शहरात कूलरच्या ताट्या गवताने भरून देतात. हातात निम्मी भरलेली ताटी होती. बायकोची पहिली आरोळी ऐकून उठले होते, पण गुडघ्यांमुळे आत्ता पोचले.

"क्या हुआ? कौन गया?"

"कोनी नाई गेलं चाचा," साळा कूलरमागून म्हणाला. "हवा जाऊन राह्यली."

हवा गेली. पाठोपाठ पाणी आलं, आणि ते काळं होतं. नुसतं मळकट नव्हे, ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना निघतं तसं काळं.

"बाबा, बंद करू?"

आता इथे मी जे बोललो, ते आमच्या भागातला कोणताही शहाणा माणूस बोलला असता. ठिबकची लाइन चोंदली की शेवटचं बूच काढायचं आणि घाण निघेस्तोवर पाणी सोडत राहायचं. चांगलं पाणी आल्याशिवाय बूच लावेल, तो अडाणी.

"अजिबात बंद करू नको," मी म्हणालो. "घाण आहे थे. वाहू दे. पांढरं पाणी आलं का मंग लाव."

"ताट भरलं बाबा."

"भाताचा गंज घे."

तिने गंज लावला. तो भरल्यावर बादली आणली. पाणी काळंच. एक रेडिएटर झाला की दुसरा. मी आपला बापाच्या आवाजात, वाहू दे, वाहू दे. चाचा मान हलवत होते. साळाही पुढे येऊन 'वाहू दे' म्हणायला लागला. आम्ही तिघं मिळून पोरीचं घर धुऊन काढत होतो.

आणि खालून, दूर कुठेतरी, खट् असा आवाज आला.

पोरगी थांबली. "बाबा, हे काय वाजलं?"

ती भिंत धरत धरत खाली उतरली. मोबाइल तिच्या हातात होता आणि आम्हाला फक्त तिच्या पायऱ्या आणि तिचा दम ऐकू येत होता. मग स्वयंपाकघर दिसलं. बॉयलरवरचा हिरवा दिवा गेला होता. त्या जागी लाल दिवा लुकलुकत होता. खालच्या, दाब दाखवणाऱ्या गोल घड्याळातला काटा शून्यावर झोपला होता. तिने जाऊन खालच्या कोमट रेडिएटरला हात लावला आणि तसाच ठेवला.

"हाही थंड होऊन राह्यला," ती म्हणाली.

साळा माझ्या कानाशी आला. "जवाईबुवा, एक चालू होता, तोही बंद केला तुमी."

आता तुम्हीच सांगा, विहीर असती तर असं झालं असतं का? बोअर असता तर? आमच्या मुलखात पाण्याच्या मागे पाणी येतं. त्या पेटीत जेवढं भरलं तेवढंच, तेच ते पाणी गोल गोल फिरणार, हे मला त्या क्षणी कळलं. कळलं तेव्हा आमच्या पोरीच्या घरची सगळी ऊब बादलीत उभी होती. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत नसली की मला चाचांच्या ताटीआड जाऊन बसावंसं वाटतं.

"आई, पाय सुन्न होऊन राह्यले," पोरगी म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

"चाल पोरी," बायको म्हणाली, "थ्या पेटीवर काही लिहिलं असंल. वाच."

पेटीच्या दारामागे कागद चिकटवलेला होता. पोरीने वाचला. पाणी कमी झालं तर पेटीखालच्या दोन काळ्या तोट्या उघडायच्या, म्हणजे घराच्या नळाचं पाणी आत जातं. घड्याळातला काटा एकच्या पुढे गेला की दोन्ही तोट्या बंद करायच्या, मग पेटी आपोआप पेटते. तीनच्या पुढे लाल पट्टा होता.

"लाल पट्ट्यावर गेला तं?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न तिने मला विचारला होता. उत्तर चाचांनी दिलं.

"बॉयलर है ना? फट जाता है. हमारे कपास के जिनिंग में फटा था, मेरे अब्बा के टाइम में. ढक्कन जो उडा ना, सीधा नदी के उस पार. बाद में ढूंढने गये तो उसके नीचे भैंस थी."

"जिंदी?" साळ्याने विचारलं.

"भैंस को पूछने का टाइम किसको था?"

एरवी मी त्या म्हशीत आणखी दोन म्हशी घातल्या असत्या. तेव्हा मला समोर दिसत होती ती पांढरी पेटी, तिच्याखाली वाकलेली माझी पोरगी आणि ते पोट. गोधडी गळून पडली होती. तिने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. दोन्ही हात पेटीखाली घातले. एक तोटी कुरकुरली, दुसरी हलेचना.

"राहू दे," मी म्हणालो. "पोरी, राहू दे. अंथरुणात जा. सगळे कपडे अंगावर घे."

"अंथरूण ओलं लागते बाबा, एवढं थंड आहे. मी सकाळपर्यंत नाही राहू शकत अशी."

"खोल," बायको म्हणाली. "मी पाह्यतो काट्याकडे. मी थांब म्हटलं का थांब."

आम्ही सगळे मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर वाकलो. चाचांची दाढी माझ्या खांद्यावर, साळ्याचा घाम माझ्या हातावर. मागे कूलर घरघरत होता, साळ्याने तो कधी लावला कोणास ठाऊक. दुसरी तोटी एकदम फिरली. पाण्याचा आवाज आला, भरत्या रांजणासारखा. काटा हलला.

"अर्ध्यावर," पोरगी म्हणाली. "चढून राह्यला. एकवर आला. आई, एकच्या पुढं…"

आणि अकोल्याची लाइन गेली.

कूलरने एक लांब उसासा टाकला आणि पंखा फिरत फिरत थांबला. वायफायचे दिवे विझले. काचेवर पोरीचं तोंड तसंच राहिलं, ओठ उघडे, डोळे वर, दोन्ही हात पेटीखाली.

"थांब म्हणून राह्यली मी!" बायको त्या चित्राला म्हणाली. "थांब! बंद कर! ऐकू जाऊन राह्यलं का तुले?"

चित्र हललं नाही. मग तेही गेलं.

जुन्या शहरातल्या घरांच्या भिंती हातभर जाड, आत मोबाइलला रेंज येत नाही. साळ्याने फोन खिडकीबाहेर धरला, दाराबाहेर धरला, मोरीत जाऊन पाहिलं. काहीच नाही. तेव्हा बायको उठली आणि गच्चीच्या जिन्याकडे धावली. तिच्या मागे मी.

भर दुपारची गच्ची होती ती. त्या फरशीवर मांजरसुद्धा पाय ठेवत नाही. आम्ही दोघंही अनवाणी होतो. पायाला काय झालं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी फोड दिसले तेव्हा कळलं. मला एवढंच आठवतं, की त्या उन्हात माझे दात वाजत होते. हे मी पुष्कळांना सांगितलं आहे आणि सगळे हसले आहेत.

फोन लागला. तिकडे रिंग गेली. वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

पुन्हा लावला. रिंग जात होती, म्हणजे घर जागेवर होतं, असा मी मनात हिशेब केला. पण मोबाइल साखरेच्या डब्याजवळ असला आणि ती त्याच्याजवळ नसली तर? काटा कुठे असेल? तोटी तिला फिरली असेल का? बायको फोन कानाला घट्ट लावून उभी होती. दुसऱ्या हाताने तिने माझी बाही धरली होती. त्या हाताला अजून तूप होतं. ती मला काहीच बोलली नाही. 'वाहू दे' कोण म्हणालं, हेही नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला जरा धीर आला असता.

"काही तं बोला," ती म्हणाली. "एरवी एवढं बोलता."

मी मोकळ्या हाताने तिच्या डोक्यावर सावली धरली.

पुन्हा रिंग. पुन्हा. खाली गल्लीत चाचा मान वर करून उभे होते. साळा जिन्याच्या तोंडाशी, पायाखाली आलटून पालटून ओला टॉवेल धरून. त्याचं डोकं अशा वेळीही चालतं.

रिंग तुटली. बायकोने पुन्हा लावला. आणि या वेळी कोणीतरी उचलला. आधी नुसता खरखराट आला, मग कसला तरी टिकटिक आवाज, लोखंड तापताना येतो तसा.

"पोरी?" बायकोचा आवाज फाटला. "अवं पोरी! आहेस ना? काहून उचलला नाही वं फोन? जीव गेला ना आमचा इकडे! काहून नाही उचलला?"

"दोन्ही हात रेडिएटरवर होते," पोरगी म्हणाली.